चव्वेचाळीस सेंटांची हजेरी

आमच्या ड्राय लेकमध्ये मिस व्हर्लीन टीग यांच्याबद्दल एक वदंता होती. मिडलंडच्या त्या काचेच्या इमारतीत, ‘प्लम’च्या ऑफिसात, म्हणे त्यांचा एक माणूस बसलेला आहे. दर तीन महिन्यांनी, आकडा जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी, तो त्यांना फोन करतो आणि कुजबुजतो. माणूस कोण, यावर मात्र गावाचं एकमत नव्हतं. बाप्टिस्टांच्या मते चुलतभाऊ. मेथडिस्टांच्या मते जुना प्रियकर. आम्ही कॅथलिक लोक दोघांचंही निमूट ऐकून घ्यायचो आणि घरी आलो की दोन्ही धरून चालायचो.

प्लम म्हणजे वाइल्ड प्लम रॉयल्टी पार्टनर्स. ही कंपनी स्वतः एक वीतभरही भोक पाडत नाही. जमिनीखालच्या तेलाचे हक्क तेवढे गोळा करते. खणणारे वेगळे, घाम त्यांचा, यंत्रं त्यांची. निघालेल्या प्रत्येक बॅरलमागे हिला मात्र आपली रॉयल्टी बसल्या जागी पोचते. हिची युनिटं, म्हणजे शेअरसारखे हिस्से, बाजारात कुणालाही विकत मिळतात, पण आमच्या गावातल्या निम्म्या घरांत ती विकत न घेताच आली. आजोबांच्या जमिनीखालचं तेल प्लमला दिलं आणि बदल्यात युनिटं घेतली. त्यामुळे तिमाहीला युनिटमागे किती सेंट कमाई झाली, हा आकडा आमच्याकडे शाळेच्या फुटबॉल स्कोअरच्या खालोखाल मोलाचा. टीम हरलेली असेल तर वरचढही.

माझी आई ओफेलिया करॅस्को हिचं गावात नाश्त्याचं हॉटेल आहे. तिच्या गल्ल्याशेजारी काकडीच्या लोणच्याची एक रिकामी बरणी असते. तिमाही संपली की जो तो एक डॉलर आणि एक चिठ्ठी त्या बरणीत टाकतो. चिठ्ठीवर नाव आणि सेंट. आकडा जाहीर झाला की ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळचा, बरणी त्याची. गेल्या चौदा तिमाहींपैकी अकरा वेळा बरणी मिस व्हर्लीननी नेली. मग वदंता उठणार नाही तर काय होणार?

तर वदंता खोटी आहे. माणूसबिणूस कुणी नाही. असतं ते एक बुइक, एक पेन्सिल आणि गुरुवार.

दर गुरुवारी सकाळी मिस व्हर्लीन आपली चॉकलेटी बुइक घेऊन विहिरींच्या कच्च्या रस्त्यांवर निघतात. ताशी वीस मैल. मागे वाळूचे ट्रक हॉर्न मारून मारून रडकुंडीला येतात, पण बुइक वीसची एकवीस होत नाही. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हट्टानं बरोबर गेले. दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर, पंप माना खाली-वर करत होते. मी उत्साहानं मोजायला लागले. एक, दोन, सात, एकोणीस...

“काय मोजतेस?” मिस व्हर्लीननी विचारलं.

“चालू पंप.”

“ते कशाला? हजर असतात त्यांना कोण विचारतं? न हलणारे सांग. डावीकडे, टाकीमागचा. तो मे महिन्यापासून गैरहजर आहे.”

आणि त्यांनी वहीत नोंद केली. वहीत खरोखर हजेरीपट होता. विहिरींचे नंबर उभे, गुरुवार आडवे, आणि रकान्यांत गैरहजेरीच्या फुल्या. सगळीकडे हक्क प्लमचे नसतात, तेव्हा प्लमच्या विहिरींपुढे निळा ठिपका. मग तेलाचा भाव, मग काउंटीच्या कचेरीत कुणी नवीन विहिरीचा परवाना काढला त्याची यादी, मग ग्रंथालयातल्या कम्प्युटरवर कंपनीची जुनी कागदपत्रं. एवढ्यातून त्या आकडा काढायच्या. मी पाच तास त्या गाडीत बसले, आणि खरं सांगते, प्रियकर असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

ही सवय जुनी. मिस व्हर्लीन एकतीस वर्षं ड्राय लेकच्या शाळेत हजेरी कारकून होत्या. शिक्षिका नाही, मुख्याध्यापिका नाही. खिडकीमागची बाई. सव्वानऊला वर्गावर्गातून कागद यायचे आणि साडेनऊपर्यंत गावातल्या सगळ्या बुडव्या पोरांच्या घरी फोन गेलेला असायचा. त्या अजूनही तशाच बोलतात. प्रत्येक नाव पूर्ण घ्यायचं, आडनावासकट, आणि नंतर अर्धा क्षण थांबायचं. समोरून ‘हजर’ यायची वाट बघितल्यासारखं. “ओफेलिया करॅस्को.” थांबा. “अंडी जास्त शिजलीत.” मला त्यांचा आवाज उत्तम जमतो. नाकातून थोडा, आणि शेवटचं अक्षर दरवाजा लावल्यासारखं. मी गावातल्या बऱ्याच लोकांचे आवाज काढते. पाद्रीबाबांचा, शेरीफचा, आणि हॉइटचा. हॉइट म्हणजे आमच्या कोपऱ्यातल्या टेबलावरचे निवृत्त पंपवाले आजोबा. ते एका वेळी तीनच शब्द बोलतात आणि चौथ्याऐवजी दात चोखतात.

मिस व्हर्लीनना मी पहिल्यांदा त्यांचाच आवाज करून दाखवला, तेव्हा त्या हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “बरा आहे. तुझ्या आईचा यापेक्षा चांगला होता.”

“आईचा?”

“एक्याण्णव साली ही तुझ्या आजीच्या आवाजात फोन करायची. ‘माझ्या मुलीला ताप आहे हो.’ तीन वेळा मी ताप लिहून घेतला. चौथ्या वेळी म्हटलं, बाई, तुम्ही आत्ता माझ्यासमोर खिडकीशी उभ्या आहात, फोनवर कोण बोलतंय?”

आई आतून ओरडली, “मिस व्हर्लीन, कॉफी हवीये की नकोय?”

तर अशी ही बाई. शहात्तर वर्षांची, नावावर लहानसं घर, पेन्शन, आणि सहा हजार दोनशे युनिटं. नवऱ्याच्या, म्हणजे हार्लनच्या, आजोबांची जमीन पाच वारसांत वाटली गेली. तेलाचे हक्क प्लमनं मागितले तेव्हा चौघांनी रोकड घेतली. एकानं त्यातून बोट घेतली. आमच्याकडे तळं नावातच आहे, हे त्याला बोट दारात आल्यावर आठवलं. हार्लन तेव्हा नुकताच गेला होता. मिस व्हर्लीननी एकटीनं कागद वाचले आणि युनिटं घेतली.

आता लबकची गोष्ट. लबकला त्यांची मुलगी जोनेल असते आणि तिचा नवरा रॉइस. रॉइस विमा विकतो, आणि तो चांगला माणूस आहे हे मी आधीच लिहून ठेवते, कारण त्याचा आवाज माझ्याइतका कुणी काढत नाही आणि त्यामुळे लोकांचा गैरसमज होतो. त्याचं प्रत्येक वाक्य ‘हे बघा’नं सुरू होतं आणि ‘तुमच्याच भल्यासाठी’वर संपतं. मध्ये तो आपल्या पट्ट्याचं बक्कल दोन्ही हातांनी धरतो, बक्कल पळून जाईल असं.

सप्टेंबरच्या बारा तारखेला प्लमनं जाहीर केलं की न्यू मेक्सिकोच्या बाजूचे मोठे हक्क विकत घेतले, आणि त्यांची किंमत म्हणून विकणाऱ्यांना एक कोटी साठ लाख नवीन युनिटं दिली. आधीची होती आठ कोटी चाळीस लाख. आता झाली सरळ दहा कोटी. बाजारात युनिटचा भाव घसरला. त्यानंतरच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, रॉइस आणि जोनेल आमच्या हॉटेलात हजर. मिस व्हर्लीन पाय खात होत्या. पेकानचा, म्हणजे अक्रोडासारख्या मेव्याचा गोड पदार्थ, तुकडे कापून देतात तो.

“हे बघा ममा,” रॉइस म्हणाला, “पाय तोच, तुकडे जास्त. तुमचा तुकडा बारीक झाला. सगळं विकून टाका, घर भाड्यानं द्या, आमच्याकडे या. मागची खोली तयार आहे. नवा गालिचा टाकलाय. तुमच्याच भल्यासाठी.”

“पांढरा गालिचा,” मिस व्हर्लीन म्हणाल्या.

“आई, तू त्या ट्रकांच्या रस्त्यावर एकटी फिरतेस,” जोनेल म्हणाली. “मला गुरुवारी जेवण जात नाही.”

“मग बुधवारी जास्त जेव.”

“आई!”

मिस व्हर्लीननी काटा खाली ठेवला. वसंतात त्या दहा दिवस लबकला राहून आल्या होत्या. तिथलं काय आवडलं नाही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं, तेही मुलीकडे न बघता, ताटलीतल्या पायकडे बघून.

“जोनेल, तुझी खोली छान आहे. पण मी सकाळी खिडकीत बसते आणि रस्त्यानं माणसं जातात, आणि आज कोण आलं नाही, हे मला कळतच नाही. इथं हॉइट सात वाजून दहा मिनिटांनी आला नाही तर मी उठून बघायला जाते. तिथं कुणी आठवडाभर दिसलं नाही तरी मला पत्ता लागायचा नाही. मग मी तिथं कशासाठी बसायचं?”

हॉइटनी दात चोखले.

रॉइसनं बक्कल धरलं. पण तो विमेवाला. गप्प बसणं त्याला धंद्यात परवडत नाही. “हे बघा ममा. भावना वेगळ्या, आकडा वेगळा. आपण आकड्यावर ठरवू. तुम्ही आकडा मानता ना?”

“कुठला आकडा?”

“युनिटमागची कमाई. युनिटवाल्यांना पैशांचं वाटप किती झालं ते नाही. वाटप कुठूनही करता येतं. कमाई. मागच्या तिमाहीत सत्तेचाळीस सेंट होती. या तिमाहीत चाळीसच्या खाली गेली, तर विकायचं आणि यायचं.”

“या म्हणजे जुलै ते सप्टेंबर?”

“जुलै ते सप्टेंबर.”

“कंपनी छापते तो आकडा? तुझ्या कॅल्क्युलेटरवरचा नाही?”

“छापील. अक्षरशः छापील.”

“आणि चाळीस किंवा वर आली तर?”

“तर मी विषय काढणार नाही.”

“किती दिवस?”

“तुम्ही स्वतः काढेपर्यंत.”

मिस व्हर्लीननी रुमालाला हात पुसला आणि टेबलावरून पुढे केला. रॉइसनं तो हातात घेऊन हलवला. जोनेल म्हणाली, “तुम्ही दोघं माझ्या आईबद्दल बोलताय, घोड्याबद्दल नाही.” पण हात मिळवून झाले होते, आणि आमच्याकडे मिळवलेला हात वकिलाच्या कागदाहून पक्का असतो.

आता माझ्याकडे या. ऑक्टोबरात बरणी भरायला लागली. मिस व्हर्लीननी चिठ्ठी टाकली, तेव्हा मी गल्ल्यापाशीच होते. चिठ्ठी घडी न करता टाकणं हा त्यांचा माज. चव्वेचाळीस सेंट.

मी हबकलेच. त्यांची वही टेबलावर उघडी होती, आणि मी काही डोळे मिटून फिरत नाही. पानाच्या तळाशी त्यांनी तिमाहीच्या एकूण कमाईचा अंदाज लिहिला होता. तीन कोटी ऐंशी लाख डॉलर. भागिले दहा कोटी युनिटं. तिसरीतलं पोरही सांगेल, अडतीस सेंट. चव्वेचाळीस आले कुठून? जुन्या आठ कोटी चाळीस लाखांनी भागलं तरी पंचेचाळीस येतात. म्हणजे बाई धड जुन्यातही नव्हत्या, धड नव्यातही.

“मिस व्हर्लीन,” मी शक्य तितक्या हळू आवाजात म्हटलं, “तुम्ही नवीन युनिटं विसरलात.”

“एक कोटी साठ लाख. बारा सप्टेंबर.”

“हो! मग दहा कोटी झाली.”

“झाली.”

“मग अडतीस.”

“तुझ्या वहीत अडतीस लिही.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याआधी, सोळा वर्षांच्या माणसाला वाटतो तसा, जबर आनंद झाला. अकरा वेळा बरणी नेणाऱ्या बाईची चूक मला सापडली होती! मी तिथल्या तिथे म्हटलं, “पैज.”

आई कढईपाशी थांबली. हॉइटनी मान वर केली.

“कशावर?” मिस व्हर्लीननी विचारलं.

“आकडा चाळीसच्या खाली आला, तर एका शनिवारी बुइक माझी. दिवसभर. ओडेसापर्यंत.”

“आणि चाळीस किंवा वर आला तर?”

“तुम्ही सांगा.”

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. विचार करायला नव्हे. विचार झालेला होता. “शाळेचे तीस दिवस. कुणाचाही आवाज काढायचा नाही. माझा नाही, पाद्रीबाबांचा नाही, शेरीफचा नाही. या हॉटेलात नाही, शाळेत नाही, आरशासमोरही नाही. तोंड उघडलं तर आतून तूच बाहेर यायचं.”

“मिस व्हर्लीन!” आई आतून ओरडली. “तुम्ही जिंका! देवाशपथ, मी मेणबत्ती लावते!”

आम्ही हात मिळवले.

आणि घरी जाताना मला लक्षात आलं की मी काय करून बसले होते. मी जिंकले तर बुइक मिळेल, पण एकाच शनिवारपुरती. त्यानंतर बुइक लबकला जाईल, आणि बुइकमधली बाईसुद्धा. खिडकीशी बसेल, पांढऱ्या गालिच्यावर पाय न टेकवता. पुढच्या चार आठवड्यांत मी तो भागाकार निदान चाळीस वेळा केला. तेलाचा भाव वाढवून बघितला. बंद पडलेले पंप मनातल्या मनात चालू करून बघितले. भाजक काही केल्या ऐकेना. दहा कोटी म्हणजे दहा कोटी.

मी एकदा त्यांना भीत भीत म्हटलं, “आपण पैज मोडू या का?”

“का? घाबरलीस?”

“तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी घाबरायला जोनेल आहे. ती ते नीट करते. तू तुझं बघ.”

नोव्हेंबरचा पहिला बुधवार. प्लमचा आकडा बाजार उघडायच्या आधी येतो, म्हणजे आमच्याकडे सकाळी सव्वासहाला. सहा वाजताच हॉटेल खच्चून भरलं होतं. कामावर निघालेले लोकही बरिटो हातात धरून दाराशी खोळंबले होते. इतर वेळी आकडा म्हणजे आकडा. या वेळी सगळ्या गावाला ठाऊक होतं की मिस व्हर्लीन राहतात की जातात, हे ठरणार आहे. मिस व्हर्लीन नेहमीच्या खुर्चीत, नेहमीचा नाश्ता. अंडी, टोस्ट. शेजारी आईचा फोन उलटा ठेवलेला, स्पीकरवर. पलीकडे लबकमध्ये रॉइस आणि जोनेल.

सव्वासहा झाले. पत्रक माझ्या फोनवर उघडलं. मी मोठ्यानं वाचलं.

“तिमाहीची निव्वळ कमाई, तीन कोटी शहाऐंशी लाख डॉलर.”

“वा!” कुणीतरी म्हणालं. मिस व्हर्लीनचा अंदाज तीन कोटी ऐंशीचा होता. बुइकमधून, पेन्सिलनं, अवघ्या सहा लाखांच्या फरकानं. पण ‘वा’ तिथंच विरलं, कारण सगळ्या हॉटेलात एकाच वेळी बोटं कॅल्क्युलेटरवर पडली. आमच्या गावात हा भागाकार लहान मुलांनासुद्धा येतो. तीन कोटी शहाऐंशी लाख भागिले दहा कोटी.

“एकोणचाळीस,” हॉइट म्हणाले. मग दात चोखायचे सोडून त्यांनी चक्क चौथा शब्द काढला. “अरेरे. एकोणचाळीसच गं, व्हर्लीन.”

फोनमधून रॉइसचा आवाज आला. आणि तो जिंकल्याचा आवाज नव्हता, हे मला कबूल केलं पाहिजे. “हे बघा ममा... साडेअडतीस-एकोणचाळीस होतात. दहा कोटी युनिटं आहेत. मी शनिवारी ट्रक घेऊन येतो. घाई नाही. सामान तुमच्या सवडीनं भरू. तुमच्याच...” पुढचं त्यालाही म्हणवलं नाही.

आईनं कढई गॅसवरून उतरवली. मला एकदम रडू यायला लागलं, आणि मी ज्या पैजेत जिंकत होते तिची आठवण होऊन आणखीच यायला लागलं.

मिस व्हर्लीन टोस्टला लोणी लावत होत्या. कोपऱ्यापर्यंत.

“करार काय होता, रॉइस? कॅल्क्युलेटरवरचा की छापील?”

“छापील. पण ममा, छापील काय वेगळा असणार?”

“पोरी,” त्या मला म्हणाल्या, “खाली जा. तक्ता आहे. शेवटून तिसरी ओळ. वाच.”

मी बोटानं तक्ता वर सरकवला. ओळ सापडली. मी वाचली. मग पुन्हा, बोट ओळीवर ठेवून, मोठ्यानं वाचली.

“युनिटमागची कमाई... शून्य दशांश चव्वेचाळीस.”

“किती?” फोन ओरडला.

“चव्वेचाळीस सेंट!” मी किंचाळले, आणि दाराशी उभ्या माणसाचा बरिटो खाली पडला.

जो गोंधळ झाला तो लिहीत नाही. दोन मिनिटांनी शांत झाल्यावर रॉइस म्हणाला, “छपाईची चूक असणार.”

“चूक नाही,” मिस व्हर्लीन म्हणाल्या. आणि मग त्या खिडकीमागच्या बाईसारखं बोलल्या. हळू, प्रत्येक शब्दापुढे थोडं थांबून. “एक्याऐंशी साली इथं तेलाची लाट आली. सहा आठवड्यांच्या सत्रात शेवटच्या आठवड्यात साठ नवी मुलं एकदम दाखल झाली. ट्रेलरमधून उतरली ती थेट माझ्या खिडकीशी. मुख्याध्यापकांना वाटलं, साठ मुलं वाढली, साठ मुलांचे पैसे येणार. सरकारकडून आले दहांचे. ते माझ्यावर ओरडले. मी म्हटलं, सर, सरकार पटावरची डोकी मोजत नाही. सरासरी रोज किती मुलं बाकावर होती, ते मोजतं. जे मूल शेवटच्या आठवड्यात आलं, ते एक-षष्ठांश मूल. आधीच्या पाच आठवड्यांची हजेरी त्याला कुणी द्यायची?”

त्यांनी वहीचं पान उलटलं.

“प्लमची ही एक कोटी साठ लाख युनिटं बारा सप्टेंबरला दाखल झाली. तिमाही संपली तीस सप्टेंबरला. ब्याण्णव दिवसांपैकी एकोणीस दिवस हजर. म्हणजे हिशेबाला तेहतीस लाख. कंपनी सरासरी पटानं भागते, रॉइस. दरवेळी भागते. तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. आठ कोटी त्र्याहत्तर लाख. भागून बघ.”

लबकमध्ये बटणं दाबल्याचा आवाज आला. मग जोनेलचा आवाज आला, हसू दाबून धरलेला. “आई, हात मिळवले त्या दिवशी तुला हे माहीत होतं?”

“जुलै ते सप्टेंबर का, असं मी त्याला विचारलं होतं. छापील का, असंही विचारलं होतं. त्याला नको असतं तर नाही म्हणायचं.”

“आणि पुढच्या तिमाहीत?” रॉइस म्हणाला. विमेवाला शेवटी विमेवालाच. “तेव्हा ही सगळी पहिल्या दिवसापासून हजर असतील, ममा. सगळी दहा कोटी.”

“असतील. पण येताना डबा घेऊन आलीत. न्यू मेक्सिकोच्या विहिरींचं तेल पण तेव्हा पहिल्या दिवसापासून मोजलं जाईल. कमी पडलं तर पडलं. मी ते तुझ्याआधी सांगेन.” त्यांनी टोस्टचा घास घेतला. “पण विषय मी काढायचा आहे. तू नाही. ओफेलिया करॅस्को.” थांबल्या. “अंडी गार झालीत.”

आई त्यांच्या गळ्यातच पडली, हातात झारा असताना.

बरणीत त्या वेळी एकतीस डॉलर होते. मिस व्हर्लीननी मोजून घेतले, वहीत ठेवले आणि वर बघून म्हणाल्या, “येसेनिया करॅस्को.”

आणि थांबल्या.

“हजर,” मी म्हटलं. साध्या आवाजात. कसातरीच आला, चिरका.

“आज बुधवार. पहिला दिवस.”

तीस दिवस काय, सहा आठवडे तर आहेत, असं मला वाटलं होतं. पण शनिवारी रॉइस खरंच आला. ट्रक घेऊन नाही. जोनेलला घेऊन, मिस व्हर्लीनच्या गाडीसाठी चार नवे टायर घेऊन. गुरुवारी जायचंच असेल तर निदान टायर तरी चांगले असावेत, असं म्हणत. भरल्या हॉटेलात तो मधोमध उभा राहिला, बक्कल दोन्ही हातांनी धरलं, घसा खाकरला आणि म्हणाला, “हे बघा मंडळी. झालं ते झालं. मी हरलो, आणि तेही माझ्याच भल्यासाठी.”

सगळं हॉटेल वळून माझ्याकडे बघायला लागलं. हॉइटनी तर खुर्चीच फिरवून घेतली. पाद्रीबाबांनी मला भुवईनं खूण केली. आईसुद्धा कढईमागून बघत होती. मेणबत्ती लावणारी तीच. असं वाक्य वर्षात एकदा मिळतं. बक्कलसकट.

“पण शनिवार शाळेचा नाही ना?” हॉइट आशेनं म्हणाले. पाच शब्द.

मी मिस व्हर्लीनकडे बघितलं. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि वही उघडली.

मी समोरचा सबंध बरिटो तोंडात कोंबला.